आवडीचा उद्योग

गेल्या कार्तिकी यात्रेची गर्दी ओसरली, त्यानंतरची गोष्ट. आळंदीहून आमच्या शाळेंत येणाऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. ते चाकणच्या एका कारखान्यांत पाळीनें कामास जातात. रात्रपाळी आटोपून, घरीं न जातां, ते तसेच शाळेच्या पडवींत येऊन बसले होते. मुलगा रोज संध्याकाळीं पखवाज शिकावयास जातो, गणिताची वही कोरी राहते, आणि शालान्त परीक्षेनंतर आपणांस पखवाजावांचून दुसरें कांहीं करावयाचें नाहीं, असें त्यानें घरीं सांगून टाकलें होतें. "सर, त्याला आवड आहे हें मलाहि दिसतें," ते म्हणाले, "पण आवडीवर चूल पेटते का, एवढें मला सांगा." त्या वेळीं माझ्यानें नीट उत्तर देववलें नाहीं. वार्षिकाचे संपादक लेख मागावयास आले तेव्हां तो प्रश्न मनांत तसाच होता. म्हणून त्याविषयींच लिहितों.

"ज्याची आवड असेल तेंच काम करावें" हा उपदेश हल्लीं फार ऐकूं येतो. तो खोटा नाहीं, पण अपुरा आहे. उपदेश करणारे बहुधा असें गृहीत धरतात कीं, आवड ही प्रत्येकाच्या ठायीं जन्मतःच तयार असते आणि ती एकदां सांपडली म्हणजे झालें. माझा अनुभव निराळा आहे. मुलांना प्रथम आवडतें तें कामाचें फळ: टाळ्या, नांव, वर्तमानपत्रांतील छायाचित्र. खुद्द कामाची आवड मागाहून, पुष्कळ कंटाळा सोसल्यावर येते. कित्येकांना ती येतच नाहीं, आणि त्यांत त्यांचा दोष असतो असेंहि नाहीं.

पखवाजाचेंच पाहा. कीर्तनांत तो घुमूं लागला म्हणजे ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलूं लागतात. परंतु तो घुमण्यापूर्वीं डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा लेप द्यावा लागतो. कणीक कमी पडली तर आवाज चढतो, अधिक झाली तर बसतो. मग थोडी काढावी, थोडी लावावी, पुन्हां थाप मारून पाहावी. उजव्या तोंडावर शाई असते. तें तोंड गठ्ठे ठोकून सुरांत आणावें लागतें. वाजवून झालें कीं ती सारी कणीक खरवडून काढावयाची, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां मळावयाची. त्यांत तेच तेच बोल शेंकडों वेळां घोटावयाचे. हात दुखतात, शेजारी कुरकुरतात. आपल्या मुलाची आवड कितपत खरी आहे हें ज्या आईबापांस पाहावयाचें असेल, त्यांनीं तो सभेंत वाजवीत असतांना पाहूं नये. जवळ कोणी नसतांना तो कणीक मळीत असतांना पाहावें.

आळंदीच्या मुलास ह्या गोष्टीचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. तेथील वारकरी शिक्षण संस्था विष्णुबुवा जोग ह्यांनीं इ. स. १९१७ मध्यें स्थापिली. बुवांचा जन्म १८६७ त पुण्यांत झाला. तरुणपणीं त्यांना नाद होता तो कुस्तीचा. पुढें तेच गृहस्थ संतवाङ्मयाकडे वळले, गाथेचा अर्थ लिहून त्यांनीं प्रसिद्ध केला, आणि ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन, गायन, मृदंग हें सर्व मुलांना शिस्तीनें शिकवावें म्हणून आळंदींत शाळा काढली. तालमींतील मेहनतीची संवय त्यांना पोथीपुढें बसतांना उपयोगीं पडली असावी, असें आपलें मला वाटतें. १९२० त ते वारले. म्हणजे आपण लाविलेलें झाड पाहावयास त्यांना उणींपुरीं तीन वर्षें मिळालीं. तें झाड शंभर वर्षें उलटून गेलीं तरी उभें आहे.

आतां चुलीचा प्रश्न. त्याचें उत्तर जोगबुवांच्याच एका शिष्यानें आपल्या आयुष्यांत देऊन ठेविलें आहे. शंकर वामन दांडेकर (१८९६–१९६८), ज्यांना लोक सोनोपंत किंवा मामा म्हणत, हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवीत व पुढें तेथील प्राचार्यहि झाले. कीर्तन-प्रवचन त्यांनीं आमरण केलें. कीर्तन हा पोट भरण्याचा धंदा करूं नये असा वारकऱ्यांचा जुना दंडक आहे. मामांना तो जड गेला नाहीं, कारण पोटाची सोय महाविद्यालयाकडून होत होती. ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, महाविद्यालय हें त्यांस केवळ पोटापुरतें होतें. सकाळीं वर्गांत व संध्याकाळीं कीर्तनांत ते एकाच विषयाची उकल करीत होते, श्रोते मात्र निराळे. असा योग सर्वांना लाभत नाहीं हें मी जाणतों. पण पगाराचें काम आणि प्रीतीचें काम हीं दोन एकाच घरांत सुखानें नांदूं शकतात, एवढें तरी त्यावरून दिसतें.

दुसरे कित्येक थांबून राहतात. मिशनच्या शाळेंतील आपणां सर्वांस जस्टिन ॲबट हें नांव ठाऊक असावयास हवें. अमेरिकन मराठी मिशनचें काम करून ते १९१० त निवृत्त झाले आणि अमेरिकेस परतले. इतर लोक विश्रांति घेतात त्या वयांत त्यांनीं मराठी संतकवींचीं इंग्रजी भाषांतरें करण्यास आरंभ केला. बहिणाबाईंचें आत्मचरित्र १९२९ त निघालें. महिपतीच्या 'भक्तविजया'चें भाषांतर छापून आलें तें १९३२ त ते वारल्यानंतर; आळंदीच्या भावंडांची कथा त्यांत आहे. ज्या भाषेंत सबंध दिवसांत बोलावयास शेजारीं माणूस मिळत नसेल, त्या भाषेच्या ओव्या घेऊन हे म्हातारे गृहस्थ वर्षानुवर्षें बसले होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. "तुला आवडतें ना, मग पैसे कशाला?" असें म्हणणारे लोक आपल्यांत पुष्कळ आहेत. मांडववाल्यास ठरलेली रक्कम देतात आणि वादकास नारळ व शाल. वारकऱ्यानें आपण होऊन मोबदला नाकारणें ही एक गोष्ट. दुसऱ्यानें त्याच्या आवडीचा फायदा घेऊन तो बुडविणें ही अगदीं निराळी. तेव्हां बापाच्या काळजीला हंसूं नये. ती अनुभवांतून आलेली असते.

त्या दिवशीं मीं त्या गृहस्थांस सहज विचारलें, "तुम्हांस तुमचें काम आवडतें का?" ते गोंधळले. आवडीचा तेथें संबंध काय, असा त्यांचा चेहरा झाला. मग क्षणभरानें म्हणाले, "आवडीचें माहीत नाहीं, सर. पण यंत्राच्या नुसत्या आवाजावरून आंतल्या हत्याराची धार गेली हें मला कळतें. नव्या पोरांना नाहीं कळत. मी लांबून ऐकतों आणि यंत्र थांबवायला सांगतों." हें सांगतांना त्यांच्या डोळ्यांवरची झोप पार उडाली होती. कणीक किंचित् अधिक झाली हें ऐकूनच ओळखणारा मुलाचा कान कोठून आला असावा, हें मला तेव्हां समजलें. त्यांना मात्र मीं तें बोलून दाखविलें नाहीं.

सहामाही परीक्षेपासून आमचा तिघांचा करार झाला आहे. मुलानें दर सोमवारीं गणिताची वही मला दाखवावयाची, पखवाज सुटावयाचा नाहीं, आणि पुढें काय करावयाचें तें शालान्त परीक्षेच्या निकालानंतर तिघांनीं बसून ठरवावयाचें. आजवर दोन सोमवार चुकले आहेत. गेल्या आठवड्यांत सुट्टीच्या दिवशीं वडील प्रथमच त्याच्या शिकवणीस जाऊन मागें बसले, असें मुलानें मला सांगितलें. "बाबा कांहीं बोलले का?" मीं विचारलें. "हो," तो म्हणाला, "डावी बाजू बसली आहे म्हणाले. आणि खरोखरच बसली होती."