पत्रिकेतला मंगळ आणि आकाशातला

मागच्या महिन्यात माझ्या पुतणीची पत्रिका एका ठिकाणाहून परत आली. स्थळ पुण्याचं. फोटो पसंत, शिक्षण पसंत, पण ‘मुलीला मंगळ आहे’ एवढाच निरोप. वहिनींनी लगेच भातपूजा करायचं ठरवलं. आम्हा इंदूरकरांना उज्जैन काही लांब नाही, पंचावन्न-एक किलोमीटर. क्षिप्रेच्या काठचं मंगळनाथ हे मंगळाचं जन्मस्थान मानतात, त्यामुळे महाराष्ट्रातूनही मंडळी तिथे येतात. गाडी मीच चालवली.

परतताना मागच्या सीटवरून पुतणी म्हणाली, “काका, माझं लग्न अडवणारा हा मंगळ आहे तरी कसा?”

भूगोलाच्या मास्तरला एवढं पुरे! मी म्हटलं, “अगं, पुराणांनी त्याला भूमिपुत्र म्हटलंय, आणि आहेही तो पृथ्वीपेक्षा लहान. व्यास सुमारे ६,७८० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त. स्वतःभोवतीची फेरी २४ तास ३७ मिनिटांची, जवळजवळ आपल्यासारखीच. वर्ष मात्र ६८७ दिवसांचं. तू इथे सव्वीसची, तिथे अजून चौदाचीही नाहीस.”

“मग घाई कसली?” ती हसली. वहिनी हसल्या नाहीत.

त्याच्या तांबड्या रंगावरून आपण त्याला तापट ठरवून टाकलं. खरं तर तो रंग गंजाचा. पावसाळ्यात लोखंडी तव्यावर चढतो, तसाच तिथल्या धुळीतल्या लोखंडावर चढलेला. अंगारक म्हणावं, तर थंडी अशी की सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. हवा अगदी विरळ, तीही बहुतेक कार्बन डायऑक्साइडची. आणि सूर्यास्त निळसर! ऑगस्ट २००३ मध्ये तो हजारो वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला, तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरहून दूरच होता.

आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला सुटलं. तो वार होता मंगळवार. २४ सप्टेंबर २०१४ ला ते पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोचलं. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान, पण संपर्क तुटला तो थेट २०२२ मध्ये.

सांवेरच्या पुढे चहाला थांबलो. तिथे मी कागदावर कुंडलीची बारा घरं काढली. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, यांपैकी कुठेही मंगळ असला की दोष धरतात. बारातली पाच घरं, म्हणजे ढोबळ हिशेबानं शंभरातल्या चाळीस-एक माणसांना मंगळ निघणार. मुलगे असोत की मुली.

वहिनी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, “भाऊजी, मुलाची पत्रिका तर त्यांनी आपल्याला पाठवलीच नाही!”