वेळेचे नियोजन : आधी झोप, मग वेळापत्रक

जानेवारी सरला की आपल्या भागातील दवाखान्यांत एका नव्या रुग्णवर्गाची वर्दळ सुरू होते. डोके दुखते, भूक लागत नाही, छातीत धडधडते, वाचलेले आठवत नाही, अशा तक्रारी घेऊन दहावी-बारावीची मुले येतात. सोबतच्या आईची विनंती बहुधा ठरलेली असते : "डॉक्टरसाहेब, ह्याच्या डोक्याला ताकद येईल असं काहीतरी लिहून द्या." तपासणीत विशेष काही आढळत नाही. अशा वेळी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देणे सोपे असते. परंतु त्या मुलाला एक प्रश्न अवश्य विचारावा : "काल किती तास झोपलास?" उत्तर बहुधा चार किंवा पाच तास असे येते, आणि ते सांगताना मुलाच्या स्वरात थोडा अभिमानही असतो.

ताण हा विद्यार्थ्याचा जन्मजात शत्रू नव्हे. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली शरीराच्या ताणप्रतिक्रियेचे शास्त्रीय वर्णन केले. तत्पूर्वी, १९०८ मध्ये यर्क्स व डॉडसन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की मध्यम उत्तेजनेने शिकणे सुधारते. ती अधिक वाढली की बिघडते, आणि काम जितके अवघड तितकी ही मर्यादा लवकर येते. परीक्षेपूर्वीची थोडी धाकधूक म्हणूनच उपकारक ठरते. अपाय होतो तो महिनोन्‌महिने न उतरणाऱ्या ताणाने, आणि असा ताण उतरविण्याचे निसर्गाने दिलेले मुख्य साधन म्हणजे झोप. दिवसभरात वाचलेले स्मृतीत पक्के होण्याचे कार्यही झोपेतच चालते. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयोगटासाठी आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली आहे. चार तास झोपून सोळा तास अभ्यास करणारा मुलगा भोक पडलेल्या घागरीत पाणी भरीत असतो.

वेळेच्या नियोजनावरील पुस्तके सांगतात : वेळापत्रक आखा, टेबल नीटनेटके ठेवा, दार लावून बसा. हा उपदेश चुकीचा नाही. मात्र तो स्वतंत्र खोली असलेल्या घरासाठी लिहिलेला असतो. भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत या पट्ट्यातील बहुसंख्य मराठी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून ताप्ती लाइनच्या गाडीने येथे आली आणि यंत्रमाग व कापड प्रक्रियेच्या उद्योगांत स्थिरावली. कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. वडील रात्रपाळी करून सकाळी झोपतात, तेव्हा मुलाला मोठ्याने वाचता येत नाही. रात्री धाकटी भावंडे, दूरदर्शन संच आणि शेजाऱ्यांची ये-जा. घर जागे ते निजेपर्यंत जेथे एकच खोली आहे, तेथे मुलाच्या वाट्याला येणारा वेळ हा इतरांच्या वापरातून उरलेला वेळ असतो. त्यात भाषेचे ओझे निराळेच : घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि पुढे विज्ञानासाठी इंग्रजी. एकच पान दोनदा वाचावे लागते. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. तथापि शिकवणी आणि संदर्भग्रंथ बहुधा इंग्रजीतलेच असतात.

या प्रश्नाला आपल्या इतिहासात एक थोर उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब राहत होते. खोलीत स्वयंपाक, सामान आणि माणसे यांची दाटी. तेव्हा रामजींनी तोड काढली. ते भीमरावांना संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास त्यांना अभ्यासाला उठवीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. दिवसा भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्यांच्यावर पडली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि पुढे केळुसकरांच्या शब्दावरून महाराजा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली.

हे उदाहरण आपण मुलांपुढे नेहमी ठेवतो. परंतु "बाबासाहेब रात्ररात्र जागले, तूही जाग" असा बोध त्यातून काढणे अन्यायाचे होईल. त्या पित्याने मुलाला आधी झोपविले होते! घर बदलता येत नव्हते, म्हणून त्यांनी झोपेची वेळ बदलली आणि जागरणाचा भार स्वतः उचलला. वाचायला बाग मिळाली, मार्गदर्शक मिळाला, फीची सोय झाली. मुलाच्या कष्टांना चार मोठ्यांनी आधार दिला, हा त्या कथेचा अर्धा भाग आपण सांगायचे विसरतो.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे : वेळापत्रकात प्रथम झोपेची चौकट आखावी आणि उरलेल्या वेळात अभ्यास बसवावा. झोपेची वेळ घराच्या सोयीने ठरवावी, पण ती रोज तीच असावी आणि त्या वेळी मोबाइल मुलाच्या उशाशी नसावा. अभ्यासाचे तास मोजण्यापेक्षा पद्धत पाहावी. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखविले की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहते. गोंगाटातला अर्धा तासही अशा आठवणीसाठी वापरता येतो; शांत तास मात्र नव्या धड्यासाठी राखून ठेवावेत.

आपल्या डॉक्टरांच्या संघटनेकडूनही एक अपेक्षा आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला आणून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचे कार्य सुरू केले. आपल्यापासून थोड्याच स्थानकांवर असलेले नवसारी तेव्हा त्याच संस्थानात होते. आज भेस्तानात आपण निदान एक अभ्यासिका चालवू शकतो : चाळीस खुर्च्या, चांगले दिवे, पिण्याचे पाणी आणि आळीपाळीने देखरेख करणारे आपणच. आरोग्य शिबिरावर होणाऱ्या खर्चाहून तो खर्च फार मोठा ठरू नये.

एक गंभीर बाब नमूद करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातील होती. प्रत्येक घटनेमागे परीक्षाच असते असे नाही. तरीही मूल एकाएकी अबोल झाले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, "मी नसलो तर बरे" असे बोलू लागले, तर "परीक्षा झाली की ठीक होईल" म्हणून वाट पाहू नये. त्याला एकटे न ठेवता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे; हा क्रमांक आपल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावा.

खानदेशातून आलेल्या पहिल्या पिढीने रात्रपाळ्या केल्या त्या मुलांनी शिकावे म्हणून. त्या मुलांच्या रात्री तरी झोपेसाठी राखून ठेवणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.