वीस रुपये दरवर्षी कापले जातात, मग दोन लाख घरी का येत नाहीत?

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी कोट्यवधी बँक खात्यांतून एक किंवा दोन छोट्या रकमा कापल्या जातात. एक २० रुपयांची, दुसरी ४३६ रुपयांची. पासबुकात त्यांच्यासमोर ‘पीएमएसबीवाय’, ‘पीएमजेजेबीवाय’ अशी अक्षरं छापलेली असतात. बहुतेक घरांत ती कोणी वाचत नाही.

आम्ही शाळेत मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरतो, त्यामुळे पालकांची पासबुकं आमच्या हातात येतात. अशाच एका यतीम मुलाच्या फॉर्मसाठी त्याच्या अम्मीने मरहूम नवऱ्याचं जुनं पासबुक आणलं होतं. नवरा गवंडी होता. परांचीवरून पडला, दवाखान्यात नेईपर्यंत संपला. मय्यत घरी आणली आणि असरनंतर दफनही झाली. पोलिसांत खबर नाही, पोस्टमार्टेम नाही, दवाखान्याचा कागदही कोणी जपला नाही. पासबुकात मात्र २० रुपयांची नोंद स्पष्ट होती. म्हणजे दोन लाखांचा अपघात विमा चालू होता. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा आठ महिने उलटले होते. बँकेने अपघाताचा कागद मागितला. तो कुठून आणणार? पैसे मिळाले नाहीत.

ही एका घराची गोष्ट नाही, हे आकडे सांगतात.

आकडे काय म्हणतात?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि जीवनज्योती विमा योजना मे २०१५ मध्ये सुरू झाल्या. दहा वर्षं पूर्ण झाली तेव्हा, मे २०२५ मध्ये, सरकारने हिशोब मांडला. सुरक्षा विम्यात ५१ कोटींहून जास्त नोंदण्या, आणि भरपाई मिळाली सुमारे १ लाख ५७ हजार कुटुंबांना. आता दुसरा आकडा पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे एकट्या २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. दहा वर्षांतल्या एकूण दाव्यांपेक्षा एका वर्षातले रस्त्यावरचे मृत्यू जास्त. पडून, बुडून, विजेच्या धक्क्याने गेलेले वेगळेच.

मरण पावलेला प्रत्येक जण विमाधारक नव्हता, हे मान्य. ५१ कोटींच्या नोंदणीत बंद पडलेली खातीही असणार. तरी एवढी तफावत पाहून एक गोष्ट मानावी लागते. हप्ता कापण्याची व्यवस्था आपोआप चालते, पण भरपाईसाठी कोणीतरी जाऊन मागावं लागतं. ज्याने सही केली तो गेलेला असतो, आणि मागे राहिलेल्यांना सहीची खबरच नसते.

आपल्या घरांत खबर का नसते?

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. विमा जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. व्याज, अनिश्चितता, जुगाराचा अंश हे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यावर फतवा देणं आमचं काम नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावं. पण प्रत्यक्षात होतं काय, तर बँकेच्या काउंटरवर माणूस फॉर्मवर सही करतो आणि घरी बोलत नाही. ना विचारून बंद करतो, ना चालू आहे म्हणून सांगतो. या गप्प बसण्याचा फायदा कोणालाच नाही. नको असेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन कपात थांबवता येते. चालू ठेवायचा असेल तर बायको-मुलांना माहीत असलंच पाहिजे.

दोन योजनांतला फरक

४३६ रुपयांची जीवनज्योती योजना १८ ते ५० वयात घेता येते आणि ५५ पर्यंत चालते. यात मृत्यू आजाराने होवो की अपघाताने, वारसदाराला दोन लाख मिळतात. पहिल्यांदा नाव नोंदवल्यानंतरच्या ३० दिवसांत मात्र फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. आजाराने मृत्यू झाला असेल तर पोस्टमार्टेमचा प्रश्न येत नाही. मृत्यूचा दाखला, दाव्याचा फॉर्म, नॉमिनीचं ओळखपत्र आणि बँक खातं, एवढ्यावर काम होतं.

२० रुपयांची सुरक्षा योजना १८ ते ७० वयासाठी आहे, पण ती फक्त अपघाताची. मृत्यू झाला तर दोन लाख. दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय कायमचे निकामी झाले तरी दोन लाख. एक डोळा किंवा एक हात वा पाय गेला तर एक लाख. आणि इथेच कागद आडवे येतात. रस्त्यावरचा अपघात, बुडणं, गुन्ह्यातला मृत्यू यांची पोलिसांत नोंद हवी. साप चावणं, झाडावरून पडणं अशा घटनांत लगेचची दवाखान्याची नोंद हवी.

दोन्ही योजनांचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे अखेरीस खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो. चार बँकांत चार खाती असली तरी दावा एकाच खात्यावर मिळतो.

पहिले काही तास

तदफीन लवकर व्हावी ही आपली शिकवण आहे. मय्यतीची चिरफाड नको, ही भावनाही आम्ही समजतो. पण अपघाती मृत्यूत पोलीस पंचनामा हा कायद्याचा भाग आहे. तो टाळण्यासाठी ओळखी वापरणं, ‘आजारी होते’ असं सांगणं, हे नंतर विधवेला आणि यतीमांना महागात पडतं. शिवाय खोटं बोललो ते वेगळंच.

एक सोय अनेकांना माहीत नाही. पूर्वी सूर्यास्तानंतर पोस्टमार्टेम होत नसे, मय्यत रात्रभर शवागारात पडून राही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने, जिथे पुरेशी साधनं आहेत अशा रुग्णालयांत रात्रीही पोस्टमार्टेम करायला परवानगी दिली. खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू अशी प्रकरणं साधारणपणे त्यातून वगळली आहेत. साध्या अपघातात नातेवाइकांनी ही मागणी जरूर करावी. कागदही होतो आणि फजरनंतर जनाजाही निघू शकतो.

हेच कागद इतर ठिकाणीही लागतात. वाहन अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करण्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजारांची सरकारी भरपाई आहे. मरहूम स्वतःची गाडी चालवत असतील, तर त्या गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घेतला होता का, हेही पाहावं. त्यासाठी वैध लायसन्स लागतं.

इद्दत आणि मुदत

बेवा बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची. सुरक्षा आणि जीवनज्योतीचा दावा मात्र शक्यतो ३० दिवसांत द्यावा, अशी अपेक्षा असते. ‘इद्दत झाल्यावर बघू’ म्हणता म्हणता सहा महिने जातात, मग कागद सापडत नाहीत. त्यासाठी इद्दत मोडायची गरज नाही. फॉर्म घरी आणून तिची सही घ्यावी, भाऊ किंवा मुलाने तो बँकेत द्यावा. तिने स्वतः येणं अटळ असेल तर आलिमांना विचारावं. बँकेत फॉर्म दिल्याची तारखेची पोच मात्र घ्यावीच.

बँक किंवा कंपनी टाळाटाळ करत असेल तर आधी लेखी तक्रार. मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ व्यवस्थेत, फोन १५५२५५. त्यानंतर विमा लोकपाल, ज्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. तिथे फी नाही आणि वकिलाची गरज नाही. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षात जावं लागतं.

आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात मय्यतीच्या वेळी धावून येणारे तरुण असतात. कबर, कफन, गुसल, सगळं वाटून घेतात. त्यांच्यातल्या एकाने कागदाचं काम घ्यावं. दवाखान्याची चिठ्ठी, पंचनाम्याची प्रत, मरहूमचं पासबुक एका पिशवीत ठेवून घरच्यांच्या हाती द्यायचं, एवढंच.

आणि आज घरी गेल्यावर पासबुक काढून मे-जूनचं पान बघावं. कपात दिसली तर बायकोला सांगावं, नॉमिनी कोण आहे ते बँकेत विचारावं. लग्नाआधी लिहिलेलं आईचं नाव अजून तसंच असेल, आणि ती कधीच अल्लाहला प्यारी झाली असेल, तर ते या आठवड्यातच बदलून घ्यावं.