मावते किती आणि परत मिळते किती

दीक्षितपुऱ्यातील आमच्या जुन्या घराची गेल्या वर्षी डागडुजी झाली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. तीत दोन वस्तू शेजारी शेजारी होत्या : पणजोबांची लाल कापडी बांधणीची मोडी जमाखर्चाची वही आणि वडिलांनी १९९९ साली डबीत जपून ठेवलेल्या आठ फ्लॉप्या. निवृत्तीनंतर वडील हौसेने संगणक शिकले आणि घराण्याची हकिकत त्यांनी स्वतः टंकलिखित केली. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होते. त्या काळी येथे आलेल्या पूर्वजांपासून ती सुरू होत असे. वडील आता नाहीत. साहजिकच आम्हां भावंडांचे डोळे फ्लॉप्यांकडे लागले, वहीकडे नव्हे.

आकड्यांच्या भाषेत फ्लॉपी आज केविलवाणी ठरते. साडेतीन इंची फ्लॉपीची साठवणक्षमता १.४४ मेगाबाइट, पुतण्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेल्या पेन ड्राइव्हची ६४ गिगाबाइट. म्हणजे सुमारे ४३ हजार फ्लॉप्यांचा ऐवज. त्या एकावर एक रचल्या, तर चळत कुतुबमिनाराच्या जवळजवळ दुप्पट उंच होईल. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या चकत्यांच्या साठवण यंत्राचे वजन टनाच्या आसपास होते आणि त्यात मावत ती ५० लाख अक्षरे. मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्रालाच आज तेवढी जागा लागते. या प्रगतीचे कौतुक वाटलेच पाहिजे. परंतु तिजोरी किती मोठी आहे, यापेक्षा ठेव मागताक्षणी हाती पडते की नाही, हे सुजाण ग्राहक आधी पाहतो. माहितीच्या बाबतीत मात्र तोच ग्राहक केवळ तिजोरीच्या आकारावर भाळतो, असे माझे मत आहे.

फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळवण्यातच तीन आठवडे गेले. आठांपैकी पाच फ्लॉप्या वाचल्याच गेल्या नाहीत. पंचवीस पावसाळ्यांच्या दमट हवेत त्यांचा चुंबकीय थर निकामी झाला असावा. तीन उघडल्या, पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी. त्या काळी युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता. प्रत्येक फाँट अक्षरांना आपल्या मर्जीने संकेत देई. तो फाँट गेला की मजकूर असून नसल्यासारखा. फाँट ओळखून रूपांतर करून घेतले, तेव्हा कुठे तीन फ्लॉप्यांतील प्रकरणे हाती आली. उरलेल्या पाचांत आजीच्या माहेरची सारी हकिकत होती. ती सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

म्हणून कागद जिंकला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. वाळवीला वहीही वर्ज्य नाही. शिवाय मोडी वाचणारे विरळ होत चालले आहेत. फ्लॉपीला यंत्र लागते, तसा मोडीला जाणकार लागतो. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात प्रसिद्ध केले. पण रुमालांत बांधलेल्या त्या अफाट दफ्तराचा तो एक अंश. बाकीचे कागद शाबूत असूनही वाचकाची वाट पाहत आहेत.

डिजिटल साठवणुकीचे खरे सामर्थ्य निराळेच आहे. मुळाला धक्का न लावता तिची हुबेहूब प्रत क्षणात निघते. हे सामर्थ्य आपण वापरतच नाही. वडिलांनी फ्लॉप्या जपल्या, प्रती काढल्या नाहीत. आम्हीही २००५ च्या सुमारास, फ्लॉपी चालणारे संगणक घरोघर असताना, ते काम एका दुपारी करू शकलो असतो. बँका आपल्या नोंदी एकाच इमारतीत ठेवत नाहीत. मग घराची कागदपत्रे, मृत्युपत्र, जुनी छायाचित्रे एकाच पेन ड्राइव्हच्या भरवशावर का ठेवावी? दर चार-पाच वर्षांनी नव्या साधनावर प्रत करावी, दुसरी प्रत गावाबाहेरच्या नातलगाकडे द्यावी आणि अत्यंत महत्त्वाचे ते चांगल्या कागदावर छापून ठेवावे. याला खर्च थोडा. आळस मात्र फार आडवा येतो.

जाता जाता एक गंमत. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने बँकांच्या वह्यांच्या पुराव्यासंबंधीच्या १८९१ च्या कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा बँकेच्या ‘वही’च्या व्याख्येत फ्लॉपीही आली. अकरा वर्षांनी, २०११ मध्ये, सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली. वही त्याआधीही होती आणि आजही आहे.

आमची वही गल्लीतल्या नव्वदीच्या आजोबांनी एका दुपारी वाचून दाखवली. लहानपणी मोडी गिरवलेले तेवढेच एक गृहस्थ आमच्या ओळखीत उरले आहेत. बोरूने लिहिलेली काजळीच्या शाईची अक्षरे अजून काळीभोर आहेत. बहुतेक पाने कापड, धान्य आणि उसनवारीची. शेवटाकडे आजी-आजोबांच्या लग्नाचा खर्च निघाला. त्यात एक नोंद होती : वर्धेहून आलेल्या व्याह्यांसाठी स्टेशनपासून घरापर्यंत तीन टांगे, भाडे सव्वा रुपया. आजीच्या माहेराविषयी आमच्यापाशी आज लिखित असे एवढेच आहे. त्या पानाचे छायाचित्र काढून मी त्याच रात्री तिन्ही भावंडांकडे पाठवले.