माइक हातात, मग स्टिअरिंग?

हॅम रेडिओचं लायसन्स मिळालं की पहिला प्रश्न: फोनवर बंदी आहे, पण गाडी चालवताना रेडिओ चालतो ना?

मोटार वाहन कायद्याचं कलम 184 वाचा. 2019 च्या दुरुस्तीत तिथे नुसता मोबाइल नाही, 'हातात धरायचं संपर्क साधन' आलंय. वॉकीटॉकी त्यातून कशी सुटेल? पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

अमेरिकेत काही राज्यांनी हॅमना सूट दिलीय. त्यामागचा मुद्दा अगदीच फोल नाही. बटण दाबून दोन वाक्यं बोलायची, सोडलं की फक्त ऐकायचं. मेसेज टाइप करण्यापेक्षा हे बरंच. पण फ्रिक्वेन्सी बदलताना नजर रस्त्यावरून हटतेच की!

म्हणून आपल्याकडे अशी सूट मागूच नये, असं मला वाटतं. 2001 च्या भूज भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा हॅमनी निरोप पोचवले. संकटात धावून जाणाऱ्यांनीच रस्त्यावर संकट का व्हावं? बोलायचंय? गाडी बाजूला घ्या, नाहीतर माइक शेजारी बसलेल्या लायसन्सधारकाकडे द्या. निरोप दोन मिनिटं उशिरा गेला तर सहसा काही बिघडत नाही.