विलीन कोण होते?

माघी गणपतीच्या सुमारास जोहे येथील एका कारखान्यात आमचे जाणे झाले. पेण तालुक्यात 'कारखाना' म्हटले की तो गणेशमूर्तींचाच, हे दूरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे. डोळ्यांची आखणी चालू होती. कारखानदारांची कन्या आमची विद्यार्थिनी. तिचा धाकटा भाऊ बारावी विज्ञानाला आहे. उलव्याच्या नव्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली, आणि या पट्ट्यातील घराघरांत एक नवे स्वप्न शिरले. कारखानदारांनी आम्हांला सरळच विचारले, "सर, पोराला पायलट करायचं म्हणतोय. थोडी जमीन आहे, ती काढावी लागेल. काढू का?" मराठी शिकवणाऱ्यांकडे याचे उत्तर कोठून असणार? तरीही प्रश्न मनातून जाईना. प्रस्तुत टिपण त्यातूनच लिहिले आहे.

आमच्या विषयाचा माणूस प्रथम शब्दांकडे पाहतो. विमान कंपन्यांच्या बातम्यांत 'विलीनीकरण' हा शब्द वारंवार येतो. 'विलीन होणे' या क्रियापदाला मराठीत संतपरंपरेचे वलय आहे. थेंब सागरात मिळतो, जीव ब्रह्मात मिळतो, आणि कोणाचेच काही हरवत नाही. व्यापारी मराठीने हा शब्द उचलला तेव्हा ते वलयही त्याच्यासोबत आले. म्हणून विलीनीकरणाची बातमी वाचताना कोणाची तरी नोकरी गेली असेल, असे पटकन मनात येत नाही.

घडले काय ते पाहू. २००७ मध्ये जेटने सहारा विकत घेतली. त्याच सुमारास लहान शहरांना विमान दाखवणारी डेक्कन किंगफिशरमध्ये मिसळली, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईकडे निघाले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्याच्या पाचच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या अवसायनाचा आदेश दिला होता. प्रादेशिक सेवांचे आयुष्य तर याहूनही अल्प ठरले. 'उडान' योजनेत एप्रिल २०१७ मध्ये नांदेडहून उडू लागलेली ट्रूजेट २०२२ च्या फेब्रुवारीत थांबली. २०१७ च्याच डिसेंबरात नव्या अवतारातील डेक्कनने जळगाव आणि नाशिक मुंबईला जोडले. एप्रिल २०२० मध्ये तीही बंद पडली. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे नव्वद टक्के प्रवासी दोन समूहांच्या विमानांतून जातात.

यावर कोणी म्हणेल, कारखाने बंद पडतातच. कारागीर दुसरीकडे जातो. जोह्यातला आखणी करणारा कारागीर खरोखरच तसा जातो. एक कारखाना बसला तर तो हमरापूरच्या दुसऱ्या कारखान्यात बसतो, आणि पहिल्या दिवसापासून आखणीच करतो. त्याला कोणी माती मळायला लावीत नाही. वैमानिकाचे तसे नाही. त्याचा परवाना विशिष्ट प्रकारच्या विमानाशी बांधलेला असतो. नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झाली नाहीत, तर त्याला प्रवासी घेऊन उडता येत नाही. आणि त्याची ज्येष्ठता कंपनीच्या यादीत असते. यादी संपली की ज्येष्ठताही संपते. छोट्या एटीआर विमानाचा कॅप्टन मोठ्या कंपनीत गेला, तर बहुधा त्याला पुन्हा उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून बसावे लागते. विलीनीकरणात कंपन्या एक होतात. याद्या मात्र सहजी एक होत नाहीत. कोणाला तरी कोणाच्या तरी खाली जावे लागते.

आम्हांला अधिक बोचते ती नियमांची एकतर्फी रचना. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये ठरवले की नोकरी सोडणाऱ्या कॅप्टनने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी. प्रवाशांची गैरसोय होऊ नये, हे कारण पटण्यासारखे आहे. परंतु २०१९ च्या त्या एप्रिलात जेटच्या वैमानिकांचे काही महिन्यांचे वेतन थकलेले होते, आणि कंपनीने उड्डाणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला तो त्याच दिवशी, ज्या रात्री शेवटचे विमान निघाले. गो फर्स्टची घोषणा आणि थांबणे यांत एका दिवसाचे अंतर होते. जाणाऱ्याने वर्षभर आधी सांगावे आणि बुडणाऱ्याने आदल्या दिवशी, याला न्याय म्हणता येत नाही.

पुढचा प्रश्न पुन्हा शब्दाचाच आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी मोडीत निघाल्यावर 'कामगारां'ची चोवीस महिन्यांची थकबाकी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने येते. इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची, तीही त्यांच्यानंतर. वैमानिक 'कामगार' ठरतो की नाही, याचा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे. मराठी साहित्याने मात्र हा वाद न घालताच निकाल देऊन टाकला. १९८२ च्या संपानंतरच्या गिरणगावातले घर जयंत पवारांनी रंगमंचावर आणले आणि त्या नाटकाला 'अधांतर' हे नाव दिले. गिरणी कामगारासाठी आपल्याकडे कविता आहे, कथा आहे, नाटक आहे. गणवेशातल्या, मोठ्या पगाराच्या माणसाचे अधांतर आपल्याला दिसत नाही. त्याचे दुःख आपल्याला उच्चभ्रू वाटते.

त्यातही तथ्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गिरणी कामगाराची भूक आणि वैमानिकाचा हप्ता एका तागडीत घालता येणार नाही. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिक अपुरे पडल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. मग बेकारीची चर्चा कशाला, असेही विचारले जाईल. परंतु मागणी असणे आणि निवड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारे दोनच उरली, की अटी दाराच्या आतले लोक ठरवतात. विलीनीकरणापूर्वी, २०२४ च्या वसंतात, विस्ताराच्या वैमानिकांची नव्या वेतनरचनेवरची नाराजी उफाळून आली, ती याच जाणिवेतून असावी.

आमचे मत थोडक्यात असे. पूर्वसूचनेचे बंधन दोन्ही बाजूंना असावे. थकलेल्या वेतनाच्या बाबतीत 'कामगार' आणि 'कर्मचारी' हा भेद मिटावा. आणि विलीनीकरणाला मंजुरी देताना ज्येष्ठतेची यादी कशी जुळवणार, हे आधी जाहीर व्हावे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी यात काय करावे? निदान 'विलीनीकरण' हा शब्द वाचताना थांबावे आणि विचारावे: विलीन कोण झाले, आणि बाहेर कोण राहिले?

जोह्याच्या कारखानदारांना आम्ही पुन्हा भेटणार आहोत. मुलाला उडू द्या, असेच सांगू. पण जमीन सगळी काढू नका, आणि त्याला आखणीही शिकवून ठेवा, हेही सांगू. हात सुटला नाही तर माणूस पुरता अधांतरी होत नाही.