आगाऊ पैसे

जुन्या मोटारींवर जीव टाकणाऱ्या मंडळींत हल्ली एक वाक्य वारंवार कानी पडते : "त्या दुकानाचे काही खरे नाही, पैसे अडकवू नका." वाक्य साधे आहे, सल्ला व्यवहारी आहे, आणि आमच्या मते जुन्या मोटारींचा याहून मोठा शत्रू आज दुसरा नाही. गंज परवडला, सरकारी नियम परवडले, पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉलही एक वेळ परवडले. या सल्ल्याविरुद्ध आम्हाला थोडे लिहायचे आहे. तसे लिहिण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे याचा निवाडा वाचकांनी करावा. कारण हा सल्ला आम्ही स्वतः तंतोतंत पाळलेला आहे.

आमच्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८१ सालची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९५४ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पहिली ती 'डुक्कर फियाट'. मग १९६४ च्या सुमारास आली ११००-डी, म्हणजे 'डिलाइट'. तीच पुढे प्रेसिडेंट झाली, आणि सत्तरीच्या दशकातच पद्मिनी. इटलीत ज्या गाडीचा अवतार साठीच्या दशकातच संपला, ती आपल्याकडे शतक संपेपर्यंत तयार होत राहिली. तेच १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तोच गिअर. तीस-पस्तीस वर्षे गाडी जवळजवळ बदललीच नाही, म्हणून हिचे सुटे भाग कधी दुर्मिळ होणार नाहीत अशी आमची पिढीजात समजूत होती.

यातला 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा. दिसायला हुबेहूब असलेले दोन भाग हातात घेऊन, यातला १९७२ च्या गाडीला कुठला बसेल आणि १९८१ च्या गाडीला कुठला, हे सांगणारा माणूस लागतो. हे ज्ञान कुठल्याही छापील यादीत नाही. कारखान्याने माल पुरवणारा बदलला, साचा झिजला, दोन मिलिमीटरचा फरक पडला, आणि तो फरक कुणीही लिहून ठेवला नाही. तो काउंटरमागे चाळीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाच्या बोटांत उतरला. विशेषज्ञ दुकानदार म्हणजे आमच्या लेखी हा माणूस. त्याच्या मागच्या फळ्यांवर माल असतो, पण तो मालाचा विक्रेता नंतर आणि कोश आधी असतो.

हे दुकान इतकी वर्षे चालले कुणाच्या जिवावर? आम्हा हौशी मालकांच्या नव्हे. आम्ही वर्षातून एकदा येणार, एक डिस्ट्रिब्यूटर कॅप घेणार आणि दहा मिनिटे घासाघीस करणार. दुकान चालले ते टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. मुंबईत हजारो पद्मिनी दिवसरात्र, दोन-दोन पाळ्यांत धावत होत्या. त्यांचे ब्रेक झिजत होते, क्लचप्लेटा जळत होत्या, वॉटर पंप गळत होते. त्या खपामुळे माल ढिगाने बनत असे, आणि ढिगाने बनणारा माल स्वस्त असतो. आमच्या रविवारच्या फेरफटक्याचा निम्मा खर्च, स्वतःच्या नकळत, उत्तर प्रदेशातून आलेल्या आणि गाडीतच झोपणाऱ्या चालकाने उचलला होता. हे उपकार आम्ही कधी मानले नाहीत. कारण ते उपकार आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

पुढे टॅक्सीचे वय २० वर्षांवर आले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर हा अध्याय संपला. तेव्हा वर्तमानपत्रांतून आलेले निरोपाचे लेख वाचकांना आठवत असतील. एका युगाचा अस्त वगैरे. लोकांनी काळ्यापिवळ्या गाडीशेजारी उभे राहून छायाचित्रे काढली, त्याच गाडीचे चित्र असलेले चहाचे मग विकत घेतले. त्या गहिवराचे आम्हाला वावडे नाही, आम्हीही त्यात होतो. पण त्या मगांवर खर्च झालेल्या रकमेतून किती व्हील सिलिंडर ओतले गेले असते, हा हिशोब एकाही लेखात नव्हता. आठवण ही आपल्याकडे नेहमी फुकट मिळणारी वस्तू असते. तिच्यासाठी कुणाचे तरी भाडे थकते, हे सांगणारा माणूस बैठकीत रसभंग करणारा ठरतो.

असो. आता आमच्या पापाकडे येतो.

पावसाळ्यापूर्वी आम्हाला पुढच्या काचेचे रबर आणि चारही दारांचे बीडिंग हवे होते. जुने रबर तडकले होते. पाणी काचेच्या कोपऱ्यातून उतरून पायाखालच्या पत्र्यात साचत होते, आणि या गाडीला वेगळी चेसिस नसल्यामुळे पत्रा गेला म्हणजे गाडीच गेली. दक्षिण मुंबईतल्या ज्या दुकानात वडील जात, तिथेच गेलो. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. शेठ आता सत्तरीच्या पुढचे आहेत. एकेकाळी तीन नोकर होते, आता एक पुतण्या, तोही अर्धा दिवस. शेठ म्हणाले, "साहेब, माल संपला आहे, पण पुन्हा काढायचा आहे. निम्मे नको, पूर्ण पैसे आधी द्या." आम्ही साडेअकरा हजार रुपये दिले.

दोन महिने गेले. दूरध्वनी केला, कुणी उचलला नाही. तिसऱ्या महिन्यात पुतण्या म्हणाला, पुढच्या आठवड्यात. चौथ्या महिन्यातही पुढच्याच आठवड्यात. दरम्यान पावसाळा येऊन गेला होता. आमच्या परिचयातल्या आणखी काहींनीही पैसे भरले होते; त्यांच्यात वर उल्लेखिलेले वाक्य फिरू लागले. कुणी ग्राहक मंचाची भाषा केली, कुणी म्हणाले की म्हातारा आपल्या पैशांनी दुकानाचे भाडे भरतो आहे. पाचव्या महिन्यात आम्ही दुकानात जाऊन, आवाज न चढवता, पण ज्या थंड सभ्यतेने माणसाचा अपमान अधिक होतो त्या सभ्यतेने, पैसे परत मागितले. शेठनी वाद घातला नाही. तीन हप्त्यांत सगळी रक्कम परत केली. शेवटचा हप्ता दीड हजारांचा, पाकिटात घालून, पुतण्याकरवी घरी पाठवला.

आमच्या पाठोपाठ आणखी पाच जणांनी तेच केले. मग कळले ते असे : रबराचा कारखाना चाळीस संचांखाली यंत्राला हात लावत नाही. साचा दुरुस्त करून घेण्याचे पैसे शेठनी स्वतःच्या खिशातून भरले होते. नोंदणी झाली होती सव्वीस संचांची; उरलेले चौदा स्वतःच्या अंगावर घेण्याची त्यांची तयारी चालली होती, त्यासाठी ते मागच्या फळ्यांवरचा माल मिळेल त्या भावाने काढत होते. सहा जणांनी पैसे काढून घेतल्यावर चौदाचे वीस झाले. रबर काही सोन्यासारखे नसते. ते कपाटात पडून पडून कडक होते, पाच-सात वर्षांत विकण्याच्या लायकीचे राहत नाही. वीस संच अंगावर घेणे म्हणजे निम्मा घाणा कचऱ्यात टाकण्यासाठी काढणे. तो माल निघालाच नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, बाजारपेठेचा नियम. ज्याला धंदा जमत नाही त्याने तो बंद करावा, दुसरा कुणी उभा राहील. हा युक्तिवाद ज्या वस्तूला बाजारपेठ आहे तिथे ठीक आहे. साबणाचे एक दुकान बंद पडले तर दुसऱ्यात साबण मिळतो. चाळीस गिऱ्हाईकांची बाजारपेठ असलेल्या मालात दुसरा उभा राहत नसतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेले रबर मिळेल, पण ते आमच्या रबराइतकेच म्हातारे असते. आणि 'बसेल साहेब' म्हणून दुसऱ्याच गाडीचे बीडिंग गळ्यात मारणारे तर पावलोपावली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : वाट पाहण्याचे गोडवे गाऊ नका. आमच्या वडिलांनी हीच गाडी मिळवण्यासाठी नोंदणीची रक्कम भरून वर्षानुवर्षे वाट पाहिली होती, आणि तिच्यात उदात्त काही नव्हते. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नव्हता, कारखान्याला घाई नव्हती, आणि ज्यांचा नंबर आधी लागे ते वर 'ऑन' घेऊन गाडी विकून टाकीत. हे सर्व मान्य. पण तिथे दुबळा गिऱ्हाईक होता आणि बलवान कारखाना. इथे हे उलटे आहे. आमचे साडेअकरा हजार अडकले तर आमचे रात्रीचे जेवण चुकत नाही. त्यांचे निघून गेले तर दुकान बंद होते. तरीही आम्ही स्वतःला नाडलेला ग्राहक समजलो. वडिलांच्या पिढीची चीड आम्ही भलत्याच माणसावर काढली.

खरे तर आगाऊ पैसे देऊन जी वस्तू अजून अस्तित्वात नाही ती अस्तित्वात आणणे, ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, लोकांकडून आधी पैसे गोळा केले आणि मग २३ खंड बाहेर आले. पैसे भरणाऱ्यांनी दुकानातून पुस्तक घेतले नव्हते, पुस्तक होण्यात भाग घेतला होता. आमच्यासारख्या साहित्याच्या लोकांना प्रकाशनपूर्व सवलतीचा अर्थ समजतो. नियतकालिकाची वर्गणी भरताना अंक उशिरा येणार हे आपण गृहीत धरतो, आणि अंक बंद पडला तरी संपादकाला लुटारू म्हणत नाही. मग रबराच्या पट्टीला हा न्याय का नाही? ती काळ्या हातांच्या माणसाकडून येते म्हणून?

परदेशातले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. इंग्लंडमधल्या विन्सेंट कंपनीने १९५५ साली मोटारसायकली बनवणे थांबवले. सुटे भाग संपत चालले तेव्हा मालकांच्या क्लबातील सभासदांनीच १९७०च्या दशकात सुट्या भागांची स्वतःची कंपनी काढली. भागधारक तेच, गिऱ्हाईक तेच. त्या कंपनीने इतके भाग पुन्हा बनवले की पुढे त्यांतून एक आख्खी नवी मोटारसायकल उभी करता आली. आपल्याकडे क्लब आहेत, रॅली आहेत, रॅलीत गाडी पुसायला माणूस आहे. साच्यासाठी वर्गणी काढा म्हटले की मात्र हिशोबाच्या वह्या उघडतात.

शेठना आम्ही दोषमुक्त करीत नाही. त्यांचा दोष उशिराचा नव्हता, अबोलपणाचा होता. चाळीस संच लागतात, सव्वीस झाले आहेत, चौदा कमी आहेत, ही तीन वाक्ये त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर आम्ही कदाचित आणखी चौघांना ओढून आणले असते. 'पुढच्या आठवड्यात' हे उत्तर देऊन त्यांनी आम्हाला केवळ गिऱ्हाईक करून ठेवले, आणि गिऱ्हाईक शेवटी गिऱ्हाइकासारखेच वागते. अडचण सांगितली की माणसे पळतात, अशी या व्यापाराची जुनी समजूत आहे. माणसे न सांगितल्यानेही पळतात, आणि तेव्हा ती रागावून पळतात. दुसरी तक्रार त्याहून मोठी आहे. कुठला भाग कुठल्या सालच्या गाडीला बसतो हे त्यांनी आजवर कुणालाही लिहू दिलेले नाही. ते त्यांचे भांडवल आहे हे समजते. पण वारसाच नसलेले भांडवल किती दिवस मुठीत धरायचे?

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. गाडीच्या डाव्या बाजूचा पत्रा आता बोटाने दाबला तर आत जातो. शेठ एकटेच होते, फळ्या बऱ्याच मोकळ्या दिसत होत्या. आम्ही चेक काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, या वेळी परत मागणार नाही, माल निघो वा न निघो. त्यांनी चेककडे पाहिलेही नाही. म्हणाले, "साहेब, तुम्ही मागितले म्हणून राग नव्हता. पण तुम्ही वडिलांबरोबर यायचात लहान असताना, म्हणून वाटले की तुम्ही विचाराल."

आम्ही काय विचारायला हवे होते ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. खणातून एक लांबट वही काढून त्यांनी जुन्या नावांवरच्या रेघा दाखवल्या, नवे पान उलटले आणि आमचे नाव लिहिले. क्रमांक एकवीस. मग ती वही बंद न करता आमच्याकडे सरकवली आणि म्हणाले, बीडिंगची मापे सांगतो, १९६४ पासून सुरुवात करू, लिहून घ्या. आमच्याकडे पेन नव्हते. त्यांनी स्वतःचे दिले. दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत आम्ही १९७३ पर्यंत पोहोचलो होतो.